हाळावरची हरणं

आमच्या विहिरीत हरणी पडून मेली, तिथून हे सगळं सुरू झालं. दया वगैरे नंतर आली. आधी आला तो वास.

त्या साली पावसानं हात आखडला होता. आमचं शेत गावाच्या वरच्या अंगाला, काळी जमीन संपून मुरमाड माळ सुरू होतो तिथं. पालमचा बाजार करायचा तर सकाळी निघून दुपार व्हायची, आणि गोदावरी, जिला आमच्याकडं गंगाच म्हणतात, ती तर आणखी लांब. माळावरचे ओढे दिवाळीलाच आटले. होळी होऊन गेली आणि एका सकाळी मी विहिरीत पोहरा सोडला, तर तो पाण्यावर न आपटता कशावर तरी मऊ आपटला. वाकून बघते तर हरणी. फुगून वर आलेली. पोटुशी होती.

माझे मालक आणि शेजारचे दोघं गडी दोर लावून खाली उतरले, तिला वर काढली. मग दिवसभर मोट चालवून ते नासलेलं पाणी उपसलं. आत्याबाई, म्हणजे माझी सासू, काठावर उभी राहून त्या मेलेल्या जनावराला शिव्या घालत होती. "मरायचं तर मर की गं, आमचं पानी नासवून कशाला मेलीस?" तिचं तोंड एकदा सुटलं की मेलेल्यालासुद्धा सुटका नव्हती, मग माझ्यासारख्या जित्या सुनेचं काय सांगावं.

संध्याकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "उद्यापून हाळ भरायचा."

हाळ म्हणजे विहिरीजवळची जनावरांना पाणी पाजायची दगडी डोणी. मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. कारण चारा संपल्यामुळं गावातले बहुतेक गडी आपापली गुरं घेऊन गंगेच्या काठाला निघाले होते, त्यात आमचे मालकही होते. गुरंच जाणार, तर हाळ कुणासाठी?

"हरनांसाठी," ती म्हणाली. "वर पानी दिसलं तर आत कशाला उड्या टाकतील? पुन्ना इहीर नासली तर आपून काय प्यायचं?"

हिशेब असा सरळ होता. त्यात पुण्य नव्हतं की धर्म नव्हता. आणि बाकीच्या सालात याच हरणांनी आमचा हरभरा खुडून खाल्लेला, हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. त्या साली रानात राखण्यासारखं काही उगवलंच नव्हतं म्हणून भांडण नव्हतं, एवढंच.

मालक गेले, बैल गेले, मोट बंद पडली. आता हाळ भरायचा तर पोहऱ्यानं शेंदून. शेंदणार कोण? मी! आत्याबाईच्या अंगात जोर होता, पण तो सगळा जिभेत. चैत्राचं ऊन, विहिरीचं पाणी खोल गेलेलं, दोरानं तळहात सोलून निघायचे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. मला भाकरीवर तेल द्यायचं तर हिचा हात थरथरतो, आणि माळावरच्या हरणांना ही पाणी पाजती! तोंडावर बोलायची टाप नव्हती. मी पोहरा जोरात आपटून राग काढायची.

पहिले काही दिवस हाळाकडं कुणी फिरकलं नाही. सकाळी बघावं तर पाणी तसंच, वर चिमण्यांची पिसं. मग एका संध्याकाळी मी शेवटचा पोहरा ओतून बांधाला टेकले होते, दिवस कलायला आला होता, आणि माळाच्या उतारावर काहीतरी हललं. हरणं. आधी नुसते कान दिसले, मग माना. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मीही हलले नाही. दमले होते म्हणून हलले नाही, उगाच मोठेपणा कशाला सांगू? तर ती आली, प्याली आणि गेली. पाणी पिताना त्यांच्या नरड्याचा घुटूक-घुटूक आवाज येत होता. मी घरी आले ती कधी नव्हे ते हसतच. आत्याबाईनं विचारलं, "काय गं, काय झालं?" मी म्हटलं, "आली." तिनं "बरं" म्हटलं आणि चुलीत लाकूड सारलं. पण दुसऱ्या दिवशी दिवस कलायच्या आधीच ती माझ्या पुढं विहिरीवर हजर.

गावात बोलणं झालंच. "हरनांशी सोयरीक जमवलीस काय गं?" असं बाया पाणवठ्यावर विचारायच्या. आत्याबाई म्हणायची, "तुमच्यापरीस बरी हायत, पानी पितात आन गपचिप जातात." पण मग एकेक बाई यायला लागली. पहिली आली ती पाटलीणबाई, पोलीस पाटलाची बायको. तालेवार घरची बाई, पण तिनंही पदर खोचून दोर धरला. मग शेजारची, मग तिची जाऊ. पाळ्या ठरल्या. आज हिनं शेंदायचं, उद्या तिनं. फार मोठं काम हाती घेतलं असं कुणाच्याच मनात नव्हतं. गडी गंगेला गेलेले, घरात रांधायला फारसं काही नाही, आणि विहिरीचा काठ हे गावातलं एकच ठिकाण, जिथं चार बाया बसून मनातलं बोलल्या तर कुणी "काय चाललंय?" म्हणून विचारणार नव्हतं. कुणी सासूचं गाऱ्हाणं सांगायचं, तर सासू शेजारीच बसलेली. त्यावरून हसून हसून पोटं दुखायची. आणि हसणं ऐकूनही हरणं बुजेनाशी झाली.

ती दिवसेंदिवस जवळ यायला लागली. कळपात एक काळवीट होता, पाठ काळीभोर, शिंगं पिळदार. तो कायम थोडा बाजूला, मान ताठ करून उभा राहायचा, जणू कुणी आग्रह केल्याशिवाय पाण्याला तोंड लावणार नाही. बायांनी त्याला "जावई" म्हणायला सुरुवात केली. "जावईबापू, या की, पाट मांडलाय!" अशी थट्टा चालायची. आणि एक म्हातारी हरणी होती, एक कान फाटलेला. ती सगळ्यात धीट. मी पोहरा ओतत असताना ती हाळाच्या दुसऱ्या टोकाला पीत असायची. हात लांब केला असता तर तिच्या कपाळाला लागला असता. मी कधी केला नाही. पण तिच्या पापण्या, तिच्या नाकावरचं ओलं, हे मला अजून डोळ्यांपुढं आहे. मला ती हरणी आवडायला लागली होती. माहेर लांब बोरीकडं, नवरा गंगेकडं, घरात आत्याबाईचं तोंड. दिवसभरात माझ्याकडं शांतपणे बघणारी तीच एक होती.

अशात एका दुपारी पाटलीणबाई घाईघाईनं आमच्या दारात आली. चेहरा पांढरा पडलेला. बसली पण नाही.

"लय वंगाळ झालं," ती म्हणाली. "आमच्या मालकांनी घोळ घालून ठिवलाय."

झालं होतं ते असं. राज्य निजामाचं. शिकारीला कुणी अंमलदार आला की गावच्या गड्यांनी कामधंदा टाकून हाकारा करायचा, म्हणजे डबे-ताशे बडवत माळ पिंजून जनावर बंदुकीपुढं आणून द्यायचं. ही वेठ. मजुरी मागायची सोय नाही, नाही म्हणायची तर त्याहून नाही. तालुक्याच्या एका बड्या अंमलदाराला आमच्या माळावर शिकारीला यायचं होतं. त्यानं पाटलांना बोलावलं. पाटील हुशारीनं म्हणाले, "सरकार, गडी सगळे गुरं घेऊन गंगेला गेलेत, हाकाऱ्याला माणूस न्हाई." एवढ्यावर थांबले असते तर देव पावला होता. अंमलदारही म्हणाला, जाऊ द्या, नाहीतरी तुमच्या त्या उजाड माळावर पाण्यावाचून कुठलं जनावर राहिलं असणार!

झालं! पाटलांना गावाचा कमीपणा सोसवेना. आमच्याकडं माणूस दुष्काळ सोसेल, कर सोसेल, पण दुसऱ्या गावाच्या माणसानं "तुमच्याकडं काय आहे?" म्हटलेलं सोसणार नाही. पाटील छाती काढून बोलून गेले, "न्हाई कसं सरकार? आमच्या गावच्या बाया पानी पाजतात त्यांना. हातभर अंतरावर येतात हरनं, गाईवानी!"

"मंग तो हसला म्हनं," पाटलीणबाई सांगत होती. "म्हनला, फिर तो हाँके की ज़रूरत ही नहीं. इहिरीपाशी आडोसा करा म्हनला, मी नुसता बसतो. ह्यो बाजार झाला की यायलाय. पाव्हनेबी आनायलाय संगं."

आत्याबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. विहिरीत पडून मरू नयेत म्हणून वर पाणी ठेवलं, आणि त्या पाण्याशीच आम्ही त्यांना बंदुकीच्या टप्प्यात आणून उभं केलं होतं. हाकाऱ्याचं काम आम्हीच करून बसलो होतो, तेही गोडीनं.

पाटील त्या संध्याकाळी स्वतः विहिरीवर आले. एवढा मोठा माणूस, पण मान वर करून बोलेना. म्हणाला, "माझ्याच्यानं बोलून गेलं. आता शिकार मिळाली न्हाई तर माझी धडगत न्हाई, आन मिळाली तर घरात हिला तोंड दाखवायची सोय न्हाई." पाटलीणबाई दुसरीकडं बघत उभी होती. आत्याबाई म्हणाली, "पाटील, तुमी घरी जाऊन बसा. हितं काय झालं ते तुमी बघितलंच न्हाई." पाटील गेले.

आधी आम्ही सोपा उपाय केला. हाळ भरलाच नाही. आम्हाला वाटलं, पाणी नाही म्हटल्यावर जातील आपली गंगेकडं, लांब असलं तरी हरणाच्या पायांना काय! तर ती वेळेवर आली. कोरड्या हाळाला नाक लावलं. आणि उभी राहिली. जाईनात! म्हातारी हरणी एकदा हाळाकडं बघायची, एकदा आमच्याकडं. जणू आज उशीर का, एवढंच विचारत होती. दिवस बुडेपर्यंत ती तशीच उभी होती आणि आम्ही बांधाआड तोंडात पदर धरून बसलो होतो. शेवटी शेजारचीला बघवेना, ती पोहरा घेऊन उठली. आत्याबाईनं तिचा हात धरून खाली बसवलं.

दुसऱ्या दिवशी डबे बडवले. आरडाओरडा केला. हरणं उधळली, उतारावर जाऊन थांबली, वळून बघितलं. आम्हीच आहोत हे ओळखून परत आली. आमचा आवाज त्यांना पाठ झालेला. आम्ही ओरडलो काय आणि हसलो काय, त्यांच्या लेखी पाण्याची वेळ झाली. बाजार तोंडावर आलेला, आणि आमच्या नाकी नऊ आले.

आत्याबाई घरी येऊन भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "तुला गोफन येती नं?"

येत होती. माहेरी बोरीच्या शिवारात जवारीच्या राखणीला मी लहानपणापासून मचाणावर उभी राहिलेली. पाखरांचा थवा वळवायचा असला तर त्याच्या अंगावर दगड टाकायचा नसतो, कडेला टाकायचा असतो, एवढा नेम हाताला होता.

"येती," मी म्हटलं. "पर मी न्हाई मारनार."

आयुष्यात पहिल्यांदा मी तिला न्हाई म्हटलं. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेईल. ती ओरडली नाही. म्हणाली, "माझ्या हाताला नेम न्हाई, न्हाईतर तुला सांगितलं नसतं. बाईमानसाला भीत न्हाईत ती, म्हनून बाईमानसानंच हानलं पाहिजे. तू दगड हान, न्हाईतर परवा त्यो गोळी हानंल."

मी रात्री जेवले नाही. तीही नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळ्या गेलो. हाळ भरला. मुद्दाम भरला, कारण पाणी पितानाच मार बसला पाहिजे होता, नाहीतर ती पुन्हा पाण्याला येणार. हे आत्याबाईचं म्हणणं. पदराच्या ओट्यात गोटे घेऊन मी हाळाच्या अलीकडं उभी राहिले. नेहमीच्या जागी.

आली. मी आधी जावयावर नेम धरला. आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं की तोच कळपाचा धनी, तो पळाला की बाकीची पळतील. गोफण फिरवली, गोटा त्याच्या बरगडीवर बसला. धप्प असा आवाज आला. तो उंच उडाला, बांधापर्यंत गेला, थांबला, आणि मान ताठ करून परत आला. बाकीची तर हललीसुद्धा नाहीत. त्यांनी फक्त माना वर केल्या आणि म्हाताऱ्या हरणीकडं बघितलं. म्हातारी पीत होती, म्हणून बाकीचीही पुन्हा प्यायला लागली.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. कळप तिच्या म्हणण्यावर चालत होता. पहिली ती यायची, पहिली ती निघायची, रोज डोळ्यांपुढं होतं. आणि आम्ही सगळ्या बाया, ज्यांच्या जिवावर घरं चालतात, आम्ही शिंगं बघून जावयाला धनी समजत बसलो होतो!

आत्याबाई हळू आवाजात म्हणाली, "म्हातारीला हान."

मी गोफणीत गोटा घातला. ती माझ्याकडं बघत होती. तोंडातून पाणी गळत होतं. माझे डोळे भरून आले, नेम दिसेना, म्हणून पदरानं डोळे पुसले आणि मारला. मागच्या पायाच्या गुडघ्यावर बसला. ती खाली बसल्यासारखी झाली, उठली, आणि पळाली नाही. तशीच उभी राहिली. तीन पायांवर. तिला कळतच नव्हतं. मार कुठून आला हे ती आजूबाजूला शोधत होती, माझ्याकडं सोडून सगळीकडं. मी दुसरा गोटा मारला, तो मानेवर लागला, आणि तो माझ्या हातून सुटताना मात्र तिनं बघितला. हे मी कधी विसरणार नाही.

तिनं उडी घेतली, आणि तिच्यामागं अख्खा कळप. मग आम्हा बायांना काय झालं कोण जाणे, सगळ्यांनीच हाताला येतील ते दगड, ढेकळं उचलली आणि मागं धावत सुटलो. शिव्या देत होतो, रडत होतो. पाटलीणबाईचा पदर कुठं, चपला कुठं. आत्याबाई धापा टाकत ओरडत होती, "जा की गं बायांनो! जा! हितं मरू नगा!" हरणं माळाच्या धारेवर चढली, पलीकडं उतरली, आणि गंगेच्या अंगाला धुरळा दिसत राहिला. म्हातारी लंगडत होती, पण पुढं तीच होती.

बाजार झाल्यावर अंमलदार आला. मोटारीतून, दोघं पाहुणे, बंदुका, तिवई, पानाचा डबा. आम्ही हाळ काठोकाठ भरून ठेवला होता, कारण हाळ कोरडा दिसला असता तर संशय आला असता. ते तुराट्यांच्या आडोशाला बसून राहिले. दिवस बुडाला. हाळावर दोन होले येऊन पाणी पिऊन गेले, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. त्याच्या शिपायाच्या पायाला हाळाजवळ एक गोटा लागला. त्यानं तो उचलला, गोफणीचा गुळगुळीत गोटा. "ये क्या है?" आत्याबाई पदर ओढून पुढं झाली. म्हणाली, गोफणीचा आहे, पाखरं राखायला. शिपाई म्हणाला, शेतात तर काडी नाही, पाखरं कशाची राखता? ती म्हणाली, "पीक नसलं म्हनून काय झालं साहेब, हाताची सवय मोडू ने म्हनून!" पाहुण्यांपैकी एकजण हसला. अंमलदार हसला नाही. त्यानं पाटलांना सगळ्यांदेखत खोटारडा म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं, आणि भर उन्हात उघड्या डोक्यानं मोटारीजवळ उभं करून ठेवलं. सामान बांधून होईपर्यंत. पाटलांचा फेटा शिपायाच्या हातात होता. पाटील घेरी येऊन पडायच्या बेतात आले, पण आमच्याकडं त्यांनी बघितलं नाही, आणि तोंडातून शब्द काढला नाही. त्या दिवसापासून त्यांच्याविषयीचा माझा सगळा राग गेला.

पुढं पाऊसपाणी झालं, गडी गुरं घेऊन परत आले. मालक जेवताना सहज म्हणाले, गंगेच्या काठच्या बाभळीत एक कळप होता, उन्हाळाभर तिथंच होता. आत्याबाईनं विचारलं, "लंगडी व्हती का एखादी?" ते म्हणाले, "असंल, कोन बघतंय!" त्या माणसाला बैलाच्या पाठीवरची माशी दिसायची, पण हरणी लंगडत होती का, ते दिसलं नाही. मला इतका राग आला की मी ताट वाढता वाढता उठून बाहेर गेले.

पुढच्या उन्हाळ्यात गावानं पाण्याची नवी रीत धरली, आणि ती पुढं चालू राहिली. माळावर लांब लांब रांजण गळ्यापर्यंत पुरले. गड्यांनी बैलगाडीत पिंप घालून भर दुपारी, जनावर सावलीला असताना, पाणी ओतून यायचं. कुठल्या रांजणात कधी ओतायचं ते बदलत राहायचं, म्हणजे कुणाला एका जागी टपून बसता येणार नाही. ओतलं की निघायचं. थांबायचं नाही, हाक मारायची नाही, लाड करायचे नाहीत. पाटलांनी त्याबद्दल तालुक्याला कधी चकार शब्द काढला नाही.

हरणं आली परत. मालक सांगायचे, गाडी बघून जरा बाजूला होतात, पळत नाहीत. पण बाई बघितली की! आम्ही एकदा गोवऱ्या वेचायला माळावर गेलो, तर पार पलीकडच्या उतारावरचा कळप लुगड्यांचे रंग दिसताच असा उधळला की दिसेनासा झाला. त्यात लहान पाडसं होती, गंगेच्या काठी जन्मलेली. त्यांनी ना हाळ बघितला होता ना आम्हाला. तीही आयांबरोबर जीव घेऊन पळाली.

म्हातारी हरणी जगली का मेली, हे मात्र कळेना. आणि मला तेवढंच कळायला हवं होतं. शेवटी मी एका दुपारी मालकांचं धोतर नेसले, डोक्याला पटका गुंडाळला, अंगावर घोंगडी घेतली आणि आत्याबाईला सांगून एका रांजणापासून थोड्या अंतरावर जाऊन बसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, गावातल्या कुणी बघितलं असतं तर! कळप आला. पुढं तीच. कान फाटलेला, मागचा पाय वाकडा, आणि शेजारी पाडस. मी श्वास धरून बसले. ती पाणी पिऊन गेली.

घरी आले तर आत्याबाई दारातच उभी. "हाय का गं?"

"हाय," मी म्हटलं. "पाडस बी हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं पेटी उघडली आणि तळातून एक धोतर काढलं. माझ्या सासऱ्यांचं. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती, मी त्यांना बघितलेलंही नाही. तिनं ते झटकलं, माझ्या हातात दिलं आणि भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "कसं नेसत्यात, मला येत न्हाई." मी तिला नेसवलं. पटका बांधला. हसू येत नव्हतं दोघींनाही.

आम्ही दोघी रांजणाजवळ बसलो. म्हातारी हरणी लंगडत आली, प्याली, मान वर करून सरळ आत्याबाईकडं बघितलं, पुन्हा प्याली, आणि पाडसाला घेऊन सावकाश निघून गेली. ती धारेपलीकडं जाईपर्यंत आत्याबाई हलली नाही.

मग म्हणाली, "वळखलं न्हाई मला तिनं. लय चांगलं झालं बघ." आणि तोंडावर पटक्याचा सोगा घेऊन ती रडायला लागली, इतकी, की मला तिला उठवून घरी न्यावं लागलं.